तिसरी हाक

ज्याला खोटं वाटेल त्याने इथेच थांबावं. मला वाद घालायचा नाही. मेली ती माझी सख्खी बहीण होती.

१९५६ सालचा श्रावण. श्रीवर्धनजवळ सुपारीच्या वाडीतलं घर. आणि वेळ रात्रीची नव्हे, भर दुपारची.

माझी बहीण कमळ त्या घरात दुसरेपणावर दिलेली. पहिली सून केसर मागच्या खोलीत तापाने गेली. सासूने, ठमाबाईने, तिला बाहेरून कडी घालून ठेवलं होतं. पाणीसुद्धा दिलं नाही म्हणे. हे आम्हाला लग्नानंतर कळलं. आधी कोण सांगतंय?

आमचे बाबा, धर्माजी, रंगारी. जुन्या खिडक्या नव्यासारख्या करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ठमाबाईला काय, व्याही फुकटचा मिळाला. तिने त्याच खोलीची खिडकी त्यांच्या गळ्यात मारली. लेकीला जाच नको म्हणून बाबा मुकाट गेले.

झडपा उतरवल्या, जुना रंग खरवडला, भेगा लांबीचा लगदा भरून बुजवल्या. आतबाहेर हिरवा रंग देऊन झडपा परत बसवल्या.

"आता उघड्या ठेवा. ओल्या रंगात बंद केल्या तर चिकटतील," बाबा म्हणाले.

"त्या खोलीची खिडकी उघडी न्हाय ठेवायची," ठमाबाई म्हणाली. "आतून हाका मारते ती. कुनाचाबी आवाज काढते. तिसरी हाक येईस्तोवर ओ देऊ नका."

आमच्याकडे सगळेच हे मानतात. भूत दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक माणसाची.

खिडकी बंद झाली. दमट हवेत रंग वाळेना, म्हणून ठमाबाईने आत कोळशाची शेगडी पेटवून ठेवली.

दुपारी कमळ निखारे बघायला खोलीत गेली. बाबांना वाटलं, ती विहिरीवर आहे. ठमाबाईने जाताजाता सवयीने दाराला बाहेरून कडी घातली. आत कोण आहे ते पाहिलंच नाही.

निदान ती तसं सांगायची.

बाबा बाहेर खिडकीखाली भाकरी खात बसले होते. वाडीतले कावळे एकाएकी गप्प झाले.

आणि आतून...

"बाबा... खिडकी उघडा."

कमळचा आवाज. हुबेहूब.

बाबा उठले. हात झडपेपर्यंत गेला... आणि थांबला.

"बाबा..."

या वेळी आवाज बारीक होता.

झडप आतून थरथरली. बाबा तिसऱ्या हाकेची वाट बघत उभे राहिले. माझा बाप देवभोळा होता, दगड नव्हता. तिसरी हाक आली असती तर त्याने खिडकी मोडून काढली असती.

तिसरी हाक आलीच नाही.

सुटलो, असं त्यांना वाटलं. खिडकीकडे पाठ केली, डोळे मिटले आणि मारुतीचं नाव घेत बसले.

दिवेलागणीला कमळची शोधाशोध झाली. दार उघडलं तर ती खिडकीखाली पडलेली. बंद खोलीत कोळशाच्या धुराने जीव गेला होता. दोन्ही तळहात हिरवे.

खिडकीची कडी तिने आतून काढली होती. रंगाने चिकटलेली फटही सुटली होती. एवढ्या जोराने ढकलल्यावर झडप उघडायलाच हवी होती.

बाबा कंदील घेऊन बाहेरून बघायला गेले.

बाहेरच्या ओल्या रंगात दोन पंजे उमटलेले... झडप दाबून धरावी तसे.

बाबांनी आपला हात वर ठेवून पाहिला. पंजे लहान होते. बाईमाणसाचे. पण तिथे कुणीही आलं नव्हतं, असं ते कमळची शपथ घेऊन सांगायचे.

रात्री निरोप आल्यावर आम्हीही पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सगळं उरकून निघालो तेव्हा ठमाबाई म्हणाली, "व्याही, जाताना त्या पंजांवर रंगाचा एक हात मारून जा. लोकं बघतील."

आणि बाबांनी मारला. तेच मला अजून सोसत नाही. फार वर्षांनी त्यांना विचारलं, का?

"परत उमटतात का ते बघायचं होतं."

"मग?"

"ब्रश ठेवायच्या आत उमटले," म्हणत बाबा उठून आत गेले.