शकूला झोपेत नेलं तेव्हा

“झोपेत नेऊ नको गो तिला. जागी कर. दाराला हात लावून तिची ती बाहेर येऊ दे.”

रेबेकाबाई असं म्हणाल्या तेव्हा सरूच्या खांद्यावर साडेतीन वर्षांची शकू गाढ झोपली होती, दुसऱ्या हातात देवांचा डबा होता, आणि रस्त्यावर टेंपोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता.

“उठवलं तर पेणपर्यंत रडेल हो मावशी.”

“रडू दे की. घर सोडताना रडतंच माणूस.”

सरू नुसती हसली आणि पायरी उतरली. घर बदलताना सगळ्यांनाच ताण येतो, पण लहान मुलांना तो जास्त जाणवतो. सामान हलताना त्यांना शक्यतो दिसू देऊ नये, असं तिने एका मासिकात वाचलं होतं. बी. ए.ला मानसशास्त्र घेतलेली बाई ती. लेख कापून पर्समध्ये ठेवला होता. पेणची जागा घ्यायचं ठरल्यापासून घरातला प्रत्येकजण दुसऱ्यावर खेकसत होता. नवरा दिनानाथ डोलवीच्या कंपनीतून शिफ्ट करून यायचा आणि जेवतानाही बोलायचा नाही. सासूबाई गिरजाबाईंनी तुळशीच्या कुंडीवरून तीन दिवस अबोला धरलेला. निदान पोरीला तरी यातलं काही लागू नये, एवढंच सरूला हवं होतं.

रोह्याच्या अष्टमी भागात रेबेकाबाईंच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत ते पाच वर्षं भाड्याने राहिले होते. बाईंचे यजमान केव्हाच गेलेले, मुलगा सॉलोमन इस्रायलला. त्यांच्या प्रत्येक दाराच्या चौकटीवर बोटभर लांबीची एक पितळी डबी तिरकी ठोकलेली होती. आत ज्यू धर्मवचनांची गुंडाळी. मेझुझा म्हणतात तिला. येता-जाता रेबेकाबाई डबीला बोटं लावून ओठांना टेकवायच्या. शकूने ते उचललं. तिचा हात पुरायचा नाही, मग बाई तिला कडेवर घेऊन वर धरायच्या. “सांगून जा हो बाय.” शकू डबीला सांगायची, “येते.”

त्या दिवशी तिने सांगितलं नाही.

पेणची जागा पहिल्या मजल्यावर. खाली गणपतीचा कारखाना. न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्ती रांगेने उभ्या, आणि जिन्यापर्यंत ओल्या मातीचा वास. शकू उठली, नवं घर बघितलं, खिडकीशी जाऊन बसली. रडली नाही. सरूचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशीही रडली नाही. दूध कुरकुर न करता प्यायली. केस विंचरताना मान सरळ धरली. “गुणाची गो माझी बाय,” गिरजाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा अबोला तिथेच सुटला. दिनानाथ शिफ्टवरून येऊन तिच्या शेजारी बसायला लागला. “बघ, उगाच घाबरत होतीस,” तो सरूला म्हणाला. घरातला ताण आठवड्यात असा निवळला, की लेख लिहिणाऱ्या बाईंना पत्र टाकावंसं सरूला वाटलं.

तरी तिचं लक्ष होतं. शकू उंबऱ्याशी येऊन थांबायची. हात धरून नेल्याशिवाय ओलांडायची नाही. खालचे गणपती दाखवले, तिने एकही मागितला नाही. आणि झोपताना सरूच्या कानाची पाळी चिमटीत धरायची तिची सवय गेली होती. आता ती दोन्ही हात पोटावर ठेवून झोपायची.

अठराव्या दिवशी दुपारी कारखान्यातल्या मोरूदादांनी खालून हाक मारली. रोह्याहून फोन होता.

“सरू, पोरगी बरी हाय ना?” रेबेकाबाईंनी विचारलं.

“बरी आहे मावशी. फार शहाणी झालीय.”



“मग रोज दुपारी माझ्या मागल्या दाराशी कोण रडतंय गो? उचलून घेऊ म्हणते, तर हाताला लागत नाय.”

सरूने फोनची वायर बोटाला गुंडाळली. “काय म्हणून रडतंय?”

“आई कुठाय म्हणून.”

दुसऱ्या दिवशी रोह्याला न्यायला तिने शकूला स्वेटर घातला. गिरजाबाई दारात आडव्या आल्या. “वेड लागलं काय गो तुला? आत्ताशी घडी बसलीय पोरीची.”

“लागलं असेल,” सरू म्हणाली. “पण माझी शकू रडायची, आई.”

एस.टी. भिसे खिंड चढत असताना शकू मांडीवर झोपली. हात पोटावर. सरूने तिला जागं केलं नाही. झोपेतच रेबेकाबाईंच्या मागच्या खोलीत नेलं, आणि पूर्वी जिथे अंथरूण असायचं तिथे, उघड्या फरशीवर निजवलं. रेबेकाबाई दाराशी उभ्या राहिल्या.

“शकू, ऊठ. घरी जायचंय.”

डोळे उघडले. आधी त्यांत काहीच नव्हतं.

मग खालचा ओठ थरथरला.

“किती वेळ लावलास! मी हाका मारल्या!”

शकूने असा टाहो फोडला की समोरच्या कौलावरची कबुतरं उडाली. दोन्ही हातांनी तिने आईचा कान पकडला. सरू फरशीवर बसून तिच्याहून जास्त रडली. मग तिला उचलून डबीपाशी धरलं.

“येते,” शकू हुंदके देत म्हणाली, आणि आपल्या पायांनी उंबरा ओलांडला.

पेणला ती आजीशी भांडली, दूध सांडलं, गणपती हवा म्हणून जिन्यात लोळली. “आता काय गो झालं हिला?” गिरजाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. सरू हसत फरशी पुसत राहिली. एक गोष्ट मात्र तिने घरात सांगितली नाही. गल्लीच्या वळणावरून तिने मागे पाहिलं होतं. रेबेकाबाई दारात उभ्या होत्या, आणि त्यांचा एक हात कमरेच्या खाली, कुणाला तरी बोट धरू दिल्यासारखा.

दिवाळीनंतर त्यांचं पत्र आलं. ‘सॉलोमनकडे चाललेय. बाकीच्या डब्या काढल्या, मागल्या दाराची ठेवलीय. मागं राहिलेली पोर त्रास देत नाय. खिडकीशी बसते. तिचं नाव काय ते मला ठाऊक नाय. गाडी वाजली की तेवढी मान वर करते.’

आता त्या घराला कुलूप आहे. सरू रोह्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, तुम्हालाही सांगतेय: “अष्टमीत जाऊन या. मागच्या खिडकीला गज आहेत, तिथून बघा. हाक मारू नका, नुसतं बघा, बरी आहे ना. अठरा दिवस मीच तिचे केस विंचरलेत.”