वाऱ्याचं कडवं

"अहो, पाय उचला जरा. आमचं तेल तुडवताय तुम्ही."

ओत्ताव्हियानं शिडीवरून हटकलं तेव्हा कुठे त्या तरुणानं खाली पाहिलं. ऑलिव्ह झेलायला अंथरलेल्या जाळीवर तो बुटांसकट उभा होता. कानाला हेडफोन, हातात मायक्रोफोन.

"माफ करा... वारा रेकॉर्ड करत होतो."

"आमच्या वाऱ्याला भाडं पडतं. ती करंडी द्या वर."

तो तरुण, कोर्रादो, पेरुजा शहरातून आला होता. सातशे वर्षांपूर्वी गावच्या मठातल्या कुणा संन्यासिनीनं एक स्तोत्र रचलं होतं. ऊन, पाणी, वारा, विस्तव... एकेकासाठी देवाचे आभार मानणारं. तो ते आजच्या वाद्यांवर बसवत होता, सुगीच्या सणासाठी. वाऱ्याच्या कडव्यापाशी मात्र गाडी अडली होती.

मग तो रोजच तोडणीला येऊ लागला.

"पियानोवरही बोटं अशीच रेंगाळतात का?" त्याची संथ तोडणी पाहून ओत्ताव्हियानं चिडवलं.

"शेजारी कोण आहे, त्यावर आहे ते."

ओत्ताव्हियानं तोंड फांदीत खुपसलं. हसू काही लपलं नाही.

एका दुपारी, ताज्या तेलात पाव बुडवताना त्यानं विचारलं, "गावात म्हणतात, तुम्ही पूर्वी चर्चमध्ये गायचात. का सोडलंत?"

"गेल्या हिवाळ्यात बाबा दवाखान्यात होते. मी नुसता त्यांचा श्वास ऐकत बसायचे... एक आला, पुढचा येईल ना? बाबा वाचले. पण आभाराचं गाणं म्हणायला गेलं की पुन्हा तो श्वासच ऐकू येतो."

त्यानं पावाचा मोठा तुकडा तेवढा तिच्याकडे सरकवला.

सणाच्या सकाळी ती बाबांना, ओरेस्तेंना, घेऊन चर्चमध्ये बसली. गिटार, ड्रम... म्हाताऱ्यांनी आधी नाकं मुरडली, मग पायांनी ठेका धरला. वाऱ्याचं कडवं आलं आणि सगळी वाद्यं थांबली. गायक फक्त श्वास घेत होते. आत... बाहेर. मध्ये एक लांब शांतता — आणि पुन्हा श्वास.

ओत्ताव्हियानं बाबांचा हात घट्ट धरला. त्यांची छाती संथ वरखाली होत होती. शब्द सुरू झाले तेव्हा आपणही गातोय, हे तिला उशिरा कळलं.

बाहेर पायऱ्यांवर कोर्रादो उभा होता.

"माझ्या बाबांचे श्वास न विचारता घेतलेत तुम्ही," ती म्हणाली.

"हो. रागावलात?"

"नाही. आभार मानायला आलेय... उद्या निघणार?"

"काम तर संपलं."

"थांब ना." तिचा आवाज एकदम खाली आला. "तोडणीसाठी नाही — माझ्यासाठी."

कोर्रादोनं तिचा हात हातात घेतला.

"दोघं इथंच गारठणार आहात का?" मागून काठी टेकत ओरेस्ते आले. "चल रे पोरा, जेवायला घरी. तिघांपुरतं आहे."