बुद्धाच्या देशातला मुलगा

कंपनीची बस वाकडच्या चौकात अडकून पडली होती. हिंजवडी अजून लांब होती. शर्मिला गजभिये मांडीवर जपानी अक्षरांची कार्डं पसरून बसली होती. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला आणि निम्मी कार्डं शेजारच्या मुलाच्या बुटांवर!

"हे 'प्रेम'," त्यानं एक कार्ड उचलून वाचलं. "आणि हे... 'आज दुकान बंद आहे'. यातलं खरं कुठलं समजायचं?"

"दुसरं," ती म्हणाली. पण हसली.

तो अनिरुद्ध पटवर्धन. तोही कंपनीच्या जपानी विभागातच, फक्त वरच्या मजल्यावर. घर कोथरूडला. ती नागपूरची, बाणेरला मुलींच्या होस्टेलवर राहायची. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या शेजारच्या सीटवर त्याची सॅक दिसू लागली.

"कुणी येणार आहे का?" लोक विचारायचे.

"बघू... आली तर."

ती यायची. रोजच.

डिसेंबरात ओसाकाहून पाहुणे आले. त्यांना जरा 'भारत' दाखवायचा असं साहेबांनी ठरवलं. कथक झालं, पुरणपोळी झाली. पाहुणे सभ्यपणे टाळ्या वाजवत होते. गाणाऱ्या मुलीचा ऐनवेळी घसा बसला, तेव्हा अनिरुद्धनं शर्मिलाला पुढे ढकललं. "म्हण काहीतरी. घरी म्हणता ते... काहीही."

तिनं डोळे मिटले आणि बुद्धवंदना सुरू केली, बाबांबरोबर रोज संध्याकाळी म्हणायची तशी. पहिल्याच ओळीला पाहुण्यांतले म्हातारे तानाका सान हात जोडून उभे राहिले. मग एकेक करत सगळेच. वंदना संपल्यावर तानाका सान तिच्यासमोर कमरेत वाकले आणि तसेच थांबले. तीही घाईघाईनं वाकली.

परतताना बसमध्ये अनिरुद्धनं सॅक मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.

"काय झालं?"

"मी चार वर्षं त्यांची भाषा घोकतोय... तू एका मिनिटात पोचलीस त्यांच्यापर्यंत." खिडकीच्या काचेवर धुकं साचलं होतं. त्यावर तो उगाच बोट फिरवत राहिला. "शर्मिला, मला तू... म्हणजे... जपानीत सांगू का?"

"मराठीत सांग. जपानीत तू फार गुळगुळीत बोलतोस."

त्यानं मराठीत सांगितलं. सांगता सांगता तिचा हात हातात घेतला. तो तिनं सोडवून घेतला नाही.

एप्रिलमध्ये तो तिला घरी घेऊन गेला. त्याच्या आई, कल्याणीताई, पन्ह्याचा जग घेऊनच बाहेर आल्या. दिवाणखान्यात लाकडी बुद्धमूर्ती होती.

"ह्याच्या काकांनी क्योटोहून आणलीये," त्या म्हणाल्या. "किती शांत वाटतं, नाही गं?"

"हो ना. आमच्याकडेही आहे."

"अगं वा! शोभा येते घराला."

"शोभेला नाही, काकू. आम्ही वंदना करतो. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली, नागपूरला."

जग ग्लासवर तसाच थांबला.

"अच्छा," कल्याणीताई म्हणाल्या. "छान शिकलात मात्र तुम्ही."

आत्तापर्यंत त्या तिला 'अगं' म्हणत होत्या. शर्मिलानं अनिरुद्धकडे पाहिलं. तो पंख्याचा वेग वाढवायला उठला होता.

दोन दिवसांनी कॅन्टीनमध्ये तो तिच्यासमोर येऊन बसला. चेहऱ्यावर तोडगा सापडल्याचा आनंद होता.

"आई तयार होईल. फक्त... नातेवाइकांत दीक्षेचं वगैरे बोलायला नको. नागपूरची, इंजिनियर, जपानी येतं, एवढं पुरे आहे ना? आणि वंदना तू मनातल्या मनात..."

"मनातल्या मनात?"

"थोडे दिवस गं!"

"पाहुण्यांसमोर तर मोठ्यानं म्हणायला लावलीस."

"ते वेगळं होतं. ते बाहेरचे लोक."

शर्मिलानं चहाचा कप बाजूला सरकवला. "आणि घरातल्यांपासून मला लपवायचं. आयुष्यभर?"

तो टेबलावरचं मीठ बोटानं गोळा करत राहिला. ती उठली. जिन्यापर्यंत तिला वाटत होतं... आता हाक मारेल. त्यानं मारली नाही.

शरदात कंपनीनं दोघांनाही ओसाकाला पाठवलं. ऑफिसं वेगळी होती, भेट होत नव्हती. एका रविवारी तिथे भारत महोत्सव भरला. मंडपात समोशांचा वास, योगासनांची चित्रं आणि स्टेजवर रेशमी कुर्त्यातला अनिरुद्ध. शर्मिला मागच्या रांगेत बसली होती.

"मी बुद्धाच्या देशातून आलोय," तो अस्खलित जपानीत सांगत होता. "आमच्याकडे बुद्ध देवळात शोधावा लागत नाही. तो आमच्या घराघरात आहे, आमच्या मनात आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिच्या शेजारच्या आजीबाईंनी तर डोळे पुसले.

कार्यक्रमानंतर तो गर्दीतून वाट काढत तिच्याकडे आला. "आलीस? मला वाटलं नव्हतं... कसं झालं?"

"उच्चार चांगले होते."

त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्या आजीबाई पुढे झाल्या. त्यांनी दोघांना वाकून नमस्कार केला आणि कौतुकानं त्याला विचारलं, "या आपल्या कोण?"

अनिरुद्धनं शर्मिलाकडे पाहिलं. इथे त्याची आई नव्हती, नातेवाईक नव्हते. मराठी कळणारंही जवळपास कुणी नव्हतं.

"एकाच कंपनीत आहोत," तो म्हणाला.

शर्मिलानं आजीबाईंना वाकून नमस्कार केला आणि कोटाची बटणं लावून ती बाहेर पडली. स्टेशनपर्यंत ती रडतच चालली. परक्या गावात तिला ओळखणारं कुणी नव्हतं, तेवढं बरं झालं.