बोटात चारशे बारा, शिरेत एकशे अठरा

सकाळी आठला लॅबवाल्यानं तांड्यात येऊन फुलसिंगचं रक्त घेतलं, साडेआठला सून रंजीतानं त्याला इन्सुलिन टोचलं आणि नऊला तो अंगणात कोसळला. दुपारी तो साखर पार उतरून वाशिमच्या दवाखान्यात बेशुद्ध होता आणि त्याची बायको चंदाबाई सुनेविरुद्ध तक्रारीवर अंगठा उठवून आली होती. पोहरादेवीजवळचा अख्खा तांडा हबकून गेला. सहा वर्षं सासऱ्याला सुई देणारी सून जिवावर उठेल?

रंजीताच्या भावानं, विनोदनं, खासगी तपास करणाऱ्या वर्षाराणी इंगळेंना गाठलं.

"संध्याकाळी पोलीस नेतीन तिले, ताई. काही करा!"

वर्षाराणी निघाल्या. सोबत मदतनीस संघदीप, निवृत्त हवालदार. माणूस सोन्यासारखा, डोकं मात्र पहिल्या गिअरमध्ये.

दवाखान्यात लॅबचा प्रज्वल घाबरून उभा होता. "मशीनवर चारशे बारा आली. डॉक्टरांले फोन केला, त्यांनी वीस युनिट सांगितले. त्याच टायमाले हाताच्या शिरेतलंबी रक्त घेतलं. त्याचा रिपोर्ट दुपारी आला. एकशे अठरा!"

"मशीन बिघडलं," संघदीपनं निकाल दिला.

"तांड्यातले आणखी अकरा जण त्यावरच तपासले. सगळ्यायचे बरोबर."

"बोट टोचण्याआधी काय केलंस?" वर्षाराणींनी विचारलं.

"उपाशी हायेत का, विचारलं. स्पिरिटचा बोळा फिरवला, नेहमीसारखा."

रंजीता व्हरांड्यात जमिनीवर बसली होती. तिनं कुपी पुढे केली. "आजच फोडली, ताई. मोजून वीस देले."

वर्षाराणींनी सिरिंजनं उरलेलं औषध मोजलं. वीसच युनिट कमी होते.

"मग गोड चारलं असंल गुपचूप," संघदीप पुटपुटला.

"तर शिरेतही साखर चढली असती, संघदीप."

चंदाबाई हे ऐकून उसळली. "गोड? रातच्या आठपासून तोंडात कण जाऊ देला नाही म्या! सकाळी पाण्याचा तांब्या मांगला, तोबी देला नाही, घोटभर गिळतीन म्हणून. रिपोर्ट चांगला यावा म्हणून त्यायच्याच हातून निखाऱ्यावर देवीले लापशीचा भोग लावला, पन परसाद चाखू देला नाही. एवढं जपलं, अन् हिनं असं काहून केलं?"

आत खाटेखाली फुलसिंगच्या कपड्यांची पिशवी होती. धोतराला मुंग्या लागल्या होत्या. संघदीपनं त्या झटकल्या आणि मळकट धोतराबद्दल नाक मुरडलं.

वर्षाराणी मात्र उठल्या. "जा, कोपऱ्यावरून गूळ आणि तूप आण."

अर्ध्या तासात सगळे व्हरांड्यात जमले. वर्षाराणींच्या सांगण्यावरून संघदीपनं गूळ-तूप बोटांनी कालवलं आणि हात पँटला पुसला. प्रज्वलनं बोळा फिरवून बोट टोचलं. मशीनवर आकडा आला: तीनशे सत्त्याऐंशी.

"मले शुगर?" संघदीपनं मशीन ओढून आकडा पुन्हा वाचला.

"आता साबणानं हात धू."

दुसऱ्यांदा आकडा आला एकशे चार.

"फुलसिंगच्या रक्तात एवढी साखर नव्हतीच," वर्षाराणी म्हणाल्या. "ती कातडीवर होती. भोग लावताना गूळ-तुपाची लापशी त्यांनी बोटांनी निखाऱ्यावर ठेवली आणि हात धोतराला पुसले. मुंग्या म्हणूनच आल्या. पाणी त्यांच्या हाती येऊच दिलं नव्हतं, मग हात धुणार कशानं? नुसत्या बोळ्यानं गूळ निघत नाही. तो रक्ताच्या थेंबात मिसळला. शिरेतल्या रक्ताला तो लागला नाही, म्हणून तिथं खरा आकडा आला. उपाशी माणसाला नको असलेलं वीस युनिट औषध गेलं आणि साखर तळाला गेली. प्रज्वल, पोट रिकामं आहे का हे विचारलंस. हात धुतले का, हे विचारायचं राहिलं."

चंदाबाईनं कपाळावर हात मारला. "म्हंजे धन्याले म्याच..."

तेवढ्यात नर्स धावत आली. फुलसिंगनं डोळे उघडले होते.

"रंजीता, ऊठ माय!" चंदाबाई रडत तिच्याकडे धावली. "चाल, तुया सासऱ्यापाशी चाल!"

रंजीता उठली, पण आत गेली नाही. "सहा वर्सं माया हातची सुई चालली, सासूबाई. आज इचारलंबी नाही मले. आंधी ठाण्यात चाला. ज्यायच्यासमोर मले खुनी म्हटलं, त्यायच्यासमोरच सांगा."

चंदाबाईनं एकदा खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग डोळे पुसले आणि सुनेच्या मागे ठाण्याची वाट धरली.