हिरवा दिवा लागला होता

"मॅडम, लवकर या. गाडीनं पोस्टमनला उडवलंय, आणि चालवणारा स्वतःच म्हणतोय, मला आत टाका."

हवालदाराचा फोन आला तेव्हा अपघातांचा तपास करणारी ती अधिकारी नुकती जेवायला बसत होती. डबा तसाच राहिला. खात्यात तिला सगळे 'चिमटा' म्हणत, अर्थात पाठीमागे. अपघाताच्या जागेवरची प्रत्येक वस्तू ती चिमट्याने उचलून बघायची, आणि बोलतानाही कुणाची गय करायची नाही.

भर दुपार, सरळ रस्ता, रहदारी नावालाच. पोस्टमन कडेच्या पेटीतून पत्रं काढत उभा होता. गाडी सरळ त्याच्या अंगावर आली आणि मग भिंतीवर आदळली. पत्रं गटारापर्यंत पसरली होती. मांडीचा चुरा झालेल्या त्या माणसाला दवाखान्यात नेलं होतं. पाय राहतो की जातो, हे डॉक्टरही सांगेनात.

चिमटाने आधी रस्ता पाहिला. ब्रेक दाबल्याची एकही खूण नव्हती.

मग गाडी. दाराची काच फुटून तिचा चुरा चालकाच्या जागेवर पसरला होता. सीटच्या पाठीला एक जाड उशी बांधलेली, मधोमध खोलगट, कडेने सुबक हातशिलाई. उशीच्या घड्यांतही काच होती. खाली दारूची अर्धी रिकामी बाटली. तिचं सील काचेच्या चुऱ्यावर पडलं होतं, आणि त्यावर मात्र काचेचा कणही नव्हता. चिमटाने ते अलगद उचलून पिशवीत टाकलं.

"आणि हे काय, मॅडम?" हवालदाराने स्टिअरिंगजवळच्या नळीकडे बोट दाखवलं.

"श्वासाचं कुलूप. दारू पिऊन चालवताना सापडलेल्याच्या गाडीला कोर्ट हे लावायला लावतं. नळीत फुंकायचं आणि फुंकताना घशातून हुंकारही द्यायचा. श्वासात दारू नसली की हिरवा दिवा लागतो, मगच गाडी सुरू होते."

"मग हा पठ्ठ्या पिऊन निघाला कसा?"

"तेच त्याला विचारू."

तो खुर्च्यांना गाद्या बसवणारा कारागीर होता. खांदे दारात मावू नयेत एवढे रुंद, बोटांना सुयांच्या टोचण्या. तोंडाला भपकन वास येत होता, आणि तपासणीत रक्तातही दारू सापडली होती.

"गाडी कोण चालवत होतं?"

"मी. प्यालो होतो. आधी एकदा शिक्षा झालीय, ही दुसरी वेळ. लायसन्स कायमचं जाईल, तुरुंग होईल, ठाऊक आहे मला. लिहून घ्या."

"एवढी घाई कसली? कुलपानं गाडी सोडली कशी?"

"फुग्यात हवा भरून ठेवली होती. तीच नळीत सोडली."

"फुगा कुठाय?"

"फेकला."

"ब्रेक का नाही दाबलात?"

"प्यालेला माणूस कसला ब्रेक दाबतो!"

पाढे म्हणावेत तशी उत्तरं येत होती. चिमटाने विचारलं, "मागच्या वेळी काय झालं होतं?"

तो पहिल्यांदाच अडखळला. "शेजारी बायको बसली होती. तिच्या मणक्याला लागलं. तेव्हापासून मी थेंबाला शिवलो नव्हतो."

"आजपर्यंत."

"आजपर्यंत," तो म्हणाला आणि मान खाली घातली.

बायकोला घरून बोलावून आणलं. बाकावर ती तिरकी बसली, पुन्हा सरळ झाली, पुन्हा कलली. तिचा हात सारखा पाठीमागे जायचा आणि रिकामाच परत यायचा. पापण्या जड होत्या.

"दुपारी कुठे होतात?"

"घरी. झोपले होते."

"झोप अजून उतरली नाही वाटतं."

"कमरेच्या दुखण्याची गोळी घेतली होती जेवल्यावर. डोकं जड होतं त्यानं." ती थांबली. "पोस्टमन कसा आहे हो?"

"जिवंत आहे."

"आणि पाय?"

चिमटाने तिच्याकडे नीट पाहिलं. नवऱ्याचं काय होणार, हे त्या बाईने अजून एकदाही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी नवरा-बायको एकाच खोलीत बसले. काच झाडून, पारदर्शक पिशवीत घातलेली ती उशी चिमटाने टेबलावर ठेवली.

"ही कुणी शिवली?"

"मी," नवरा म्हणाला.

"पाठीला लावून बसा जरा."

तो बसला. खुर्ची त्याला पुरेना. उशीने तो पुढे ढकलला गेला आणि खोलगट भाग त्याच्या पट्ट्यापाशी आला. हवालदाराला हसू आवरेना. चिमटाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने छताकडे बघायला सुरुवात केली.

"अशी गाडी चालवत होतात? आडवं येणारं स्टिअरिंग पोटात घालून? उशी चालकाच्या सीटला बांधलेली होती आणि तिच्यावर काच पडली होती. म्हणजे धडक बसली तेव्हा ज्याच्या मापाची उशी आहे, तो माणूस तिथे होता."

चिमटाने उशी काढून परत टेबलावर ठेवली.

"फुग्याचं खोटं आहे. फुगा हुंकार देत नाही. त्या कुलपात शुद्ध श्वासाच्या माणसानंच फुंकलं. आणि बाटलीचं सील काचेच्या वर होतं, म्हणजे बाटली उघडली ती काच फुटल्यावर. तुम्ही धडकेनंतर प्यालात. कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानदारानं हवालदाराला सांगितलं, गादीवाले धावत आले, बाटली घेऊन धावत गेले. बायकोचा फोन आला, तुम्ही पोहोचलात, रुग्णवाहिका बोलावलीत, तिला गल्लीतून घरी पाठवलंत. भर दुपारी, मोकळ्या रस्त्यावर, ब्रेक न दाबता धडक, याचं कारण आम्ही शोधणारच. तुम्ही ते तयारच हातात दिलंत."

"मॅडम, तिनं थेंबही घेतला नव्हता!" नवरा ओरडला.

"नव्हता. गोळी घेतली होती. डोळा लागला. कायद्यात एकटी दारूच नाही. डॉक्टरांनी दिलेल्या औषधानंही गाडी सांभाळण्याची शुद्ध गेली, तर गुन्हा तोच."

बायको हळूहळू बोलू लागली. "पाकिटावर लिहिलेलं असतं, गोळी घेतल्यावर गाडी चालवू नये. वाचलं होतं मी. पण ते सगळं यांच्यासारख्यांसाठी असतं, असंच वाटायचं मला. डोळे मिटत होते तरी नळीत फुंकलं. हिरवा दिवा लागला. म्हटलं, चला, आपण ठीक आहोत." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "दोन वर्षं यांना रोज ऐकवतेय मी. तुम्ही माझी पाठ मोडलीत, तुम्हाला लाज नाही. आणि आज त्या माणसाला रस्त्यावर टाकून मी घरी गेले. हे म्हणाले जा, आणि मी गेले."

"ती गोळी तिला माझ्यामुळेच घ्यावी लागते," नवरा म्हणाला. "शिक्षा मलाच द्या. ती माझीच आहे."

"तसं कलम नाही," चिमटा म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "खोटी कबुली आणि पुराव्यात ढवळाढवळ, त्याची तुमची तुम्हाला मिळेल."

हवालदार जबाब टाइप करायला बसला. बायको बाकावर कलली आणि हात सवयीने पाठीमागे गेला. नवऱ्याने टेबलाकडे पाहिलं.

"मॅडम, तिची उशी..."

"देता येत नाही. पुरावा आहे."

तो उठून बायकोशेजारी जाऊन बसला. आपला रुंद पंजा त्याने बाक आणि तिची कंबर यांच्यामध्ये सरकवला. ती मागे टेकली. जबाब टाइप होऊन, वाचून, सह्या होईपर्यंत त्याने तो हात हलवला नाही. चिमटाने सहीसाठी कागद पुढे केला तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "पोस्टमनचा पाय राहिला का ते विचाराल?"

चिमटाने फोन उचलला.