तोंडी परीक्षा

सोलापुरातल्या त्या अभ्यासिकेत साठ खुर्च्या होत्या. बहुतेक सगळ्यांवर स्पर्धा परीक्षेची पोरं बसायची. एप्रिलच्या एका दुपारी शिवलीला माठातलं पाणी पिऊन जागेकडं परत आली, तर तिचं जाडजूड निळं पुस्तक कुणी अनोळखी माणूस चाळत बसला होता.

"माझं पुस्तक आहे ते," ती हळूच म्हणाली.

त्यानं मान वर केली. चेहरा उन्हानं रापलेला, डोळे मात्र थंड सावलीसारखे. "तुमचं तितं हाय की," त्यानं शेजारच्या टेबलाकडं बोट दाखवलं. "हे माझं."

खरंच, पुस्तकं दोन होती. दोन्ही किरणोत्सर्ग सुरक्षेची. शिवलीलाला हसू आलं... आणि आपण शेवटचं कधी हसलो होतो, ते काही तिला आठवेना.

चहाच्या टपरीवर ओळख झाली. तिनं हॉस्पिटलातलं आपलं काम सांगितलं. त्याचं नाव अंबादास. साखर कारखान्यांच्या बॉयलरच्या पाइपांच्या जोडांचे किरणांनी फोटो काढायचे, जोड पक्का आहे की नाही ते बघायचं, हे त्याचं काम. आता त्याला साइटवरचा सुरक्षा अधिकारी व्हायचं होतं.

"तुमी माणसांचे फोटो काढता, मी पायपांचे," तो म्हणाला. "पायपा हलत न्हाईत, तेवढंच सुख."

"आणि बोलत?"

"बोलतही न्हाईत. म्हणून तर इतकं बोलतोय आत्ता."

तिनं कपात बघितलं. गाल गरम झाले होते, चहानं नव्हे.

शिवलीला एका खासगी हॉस्पिटलात सीटी स्कॅनच्या खोलीत काम करायची. दिवसभर काचेआडून तीन शब्द – श्वास घ्या, धरा, सोडा. संध्याकाळी भवानी पेठेतली खोली, खाली यंत्रमागांचा खडखडाट. माग बंद असले की शांतता इतकी व्हायची, की ती उगाच नळ सोडून ठेवायची. रविवारी अक्कलकोटजवळच्या गावाहून आप्पांचा फोन यायचा. "ऊटा आतेनव्वा?" जेवलीस का, एवढंच कानडीत विचारायचे. "हूं" म्हटलं, की आठवड्याचं बोलणं संपलं.

तिलाही हॉस्पिटलातली सुरक्षा अधिकारी व्हायचं होतं, आणि गेल्या वर्षी ती त्याच्या लेखी परीक्षेत चांगल्या गुणांनी पास झाली होती. पण तोंडी परीक्षेत तीन परीक्षकांसमोर तिची जी दातखीळ बसली, ती बसलीच. उत्तरं येत होती, पण आवाजच फुटेना.

"मग मी घेतो की तुमची तोंडी," अंबादास म्हणाला. "रोज. हितंच."

आणि तो खरंच घ्यायला लागला. कामावरून आला, की टपरीच्या बाकावर ताठ बसायचा, चष्मा नसताना चष्मा सारल्यासारखं करायचा.

"मॅडम, मी आता जेवढा लांब हाय, त्याच्या दुप्पट लांब गेलो, तर किरणांची मात्रा किती राहील?"

"चौथा हिस्सा."

"आणि जवळ आलो तर?"

"...हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही."

"न्हाय? घालायला पायजे."

कडुनिंबाचा मोहोर बाकावर झडत राहायचा. ती केसांतून तो काढायची, आणि तो मुद्दाम दुसरीकडं बघायचा. महिन्याभरात तिचा आवाज टपरीवाल्या संगप्पाला ऐकू जाण्याइतका मोठा झाला.

तोंडी परीक्षेला आठ दिवस उरले असताना अंबादास श्रीपूरच्या बाजूचं काम आटोपून थेट टपरीवर आला. पेन शोधायला त्यानं बॅग उपडी केली, आणि पेनाबरोबर एक छोटा बॅज बाकावर पडला. अंगावर किती किरण आले, ते मोजणारा. तिच्याही छातीवर तसाच एक रोज असायचा.

"आज काम होतं ना?" तिनं विचारलं. "मग हा बॅगेत कसा?"

तो आधी हसला. मग हसायचा थांबला.

"बॅजवर वर्षाची मर्यादा जवळ आली, की घरी बसवतात, मॅडम. गेले दोन महिने कधी लावतो, कधी न्हाय..."

"पगारासाठी?"

"न्हाय. पगार मिळतो की." त्यानं पेन उचलून खिशाला लावलं. "आईबाप गेले. घरात भांडं पडलं तरी मीच पाडलेलं असतंय. कामावर निदान चार माणसं हाका मारतात."

तिला त्याचा हात धरावासा वाटला. तिनं बॅज उचलून त्याच्यासमोर ठेवला.

"तुमच्या साहेबांना सांगा. तुम्ही नाही सांगितलं, तर मी सांगेन."

"पास व्हायच्या आधीच अधिकारी झालात की."

"अंबादास –"

"माझी परीक्षा बुडंल, कळतंय का तुमाला?" तो उठला. अर्धा चहा तसाच राहिला.

चार दिवस तो आला नाही. फोन लावला, तर उचलला नाही. पाचव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिनं त्याच्या कंपनीचा नंबर मिळवला. सुरक्षेचं काम बघणारे शिवयोगी म्हणून होते, त्यांना तिनं सगळं सांगितलं. आवाज एकदाही अडखळला नाही. फोन ठेवल्यावर मात्र ती कपडे बदलायच्या खोलीत जाऊन खूप रडली.

तोंडी परीक्षा लॅपटॉपवर झाली. पडद्यावर तीन चेहरे, बाहेर कुणीच थांबलेलं नाही. तिनं एकेक उत्तर स्पष्ट दिलं. महिन्यानं निकाल लागला. हॉस्पिटलातल्यांनी पेढे वाटले, एका खोलीच्या दारावर सुरक्षा अधिकारी म्हणून तिच्या नावाची पाटी लागली. त्या संध्याकाळी ती टपरीवर गेली. "दोन?" संगप्पानं विचारलं. "एकच," ती म्हणाली.

जूनअखेरीस एक दिवस हॉस्पिटलातल्या तिच्या खोलीच्या दारावर टकटक झाली.

अंबादास उभा होता, जरा वाळलेला. हातात कागदांची पिशवी. "रक्ताचा रिपोर्ट हाय," तो म्हणाला. "सगळं ठीक निघालं. म्हटलं, दाखवून यावं."

तिनं कागद दोनदा वाचला. अक्षरं जरा ओली दिसत होती. "बसा ना."

"वर्षभर साइट बंद. ऑफिसात बसवलंय. परीक्षा पुढच्या खेपेला." तो बसला नाही. "लई राग आला हुता. मग घरी बसून बसून वाटलं... मी त्या बॉयलरपाशी किती वेळ उभा राहतो, हे आजवर कुणी विचारलंच न्हवतं. मीसुद्धा न्हाय."

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ओढत नेलं.

शिवलीलानं कागद टेबलावर ठेवला. गेल्या वर्षीचे तीन परीक्षकच समोर असल्यासारखं तिला वाटलं. पण या वेळी ती थांबली नाही.

"मी फोन केला तो नियमासाठी नव्हता," ती म्हणाली. "म्हणजे... नियमही होता. पण तुम्हाला काही झालं असतं, तर मला सहन झालं नसतं. हे तेव्हाच, बाकावर सांगायचं होतं."

त्यानं पिशवी टेबलावर ठेवली, आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.