कर्ता सांगायचा नाही

वहिनींच्या खासगी तपासाच्या कचेरीत तीन खुर्च्या होत्या. एक वहिनींची, एक अशिलाची आणि तिसरी, जरा डगमगणारी, भाऊजींची. भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. तीस वर्षं औषधांच्या दुकानात पुड्या बांधून ते निवृत्त झाले आणि घरात बायकोच्या प्रत्येक कामात नाक खुपसू लागले. शेवटी बायकोनेच त्यांना जावेच्या हवाली केलं. "तुमच्या तपासात घ्या यांना, म्हणजे माझी सुटका होईल," असं ती म्हणाली होती आणि भाऊजींना तो आपला बहुमान वाटला होता.

त्या सकाळी अशिलाच्या खुर्चीत इंग्रजीच्या मास्तरीणबाई बसल्या होत्या. मांडीवर एक जाडजूड पाकीट होतं.

"आज पाच वाजता निकालाची यादी पाठवायची आहे," त्या म्हणाल्या, "आणि त्याआधी एका बाईवर चोरीचा ठपका ठेवायचा आहे. माझं मन धजत नाही."

नोकरी करणाऱ्या माणसांसाठी त्या इंग्रजीचा वर्ग चालवत. परीक्षा गेल्या आठवड्यात झाली. प्रश्नपत्रिकांचं पाकीट आदल्या दिवशी लाख लावून कपाटात ठेवलं होतं. परीक्षेच्या सकाळी बघतात तर लाख फुटलेली. वेळ नव्हता, तशीच परीक्षा घेतली. मग पेपर तपासले.

"तिसऱ्या भागात सगळ्यांची दाणादाण उडाली. वीसपैकी कुणाला चार, कुणाला सहा. एकट्या मावशींना वीसपैकी वीस."

"आणि बाकीच्या दोन भागांत?"

"सात आणि आठ. म्हणजे एकूण पस्तीस. पास व्हायला तीस लागतात." बाईंनी सुस्कारा सोडला. "बावन्न वर्षांच्या आहेत. इस्पितळाच्या धुलाईखान्यात दिवसभर उभं राहून पाय सुजलेत. हा दाखला मिळाला तर देखरेखीची जागा मिळेल, बसायला खुर्ची मिळेल. पुढच्या वर्षी वयात बसणार नाहीत. वर्गात सगळे म्हणतात, मावशींनीच पाकीट फोडलं."

"तिसऱ्या भागात होतं तरी काय?" भाऊजींनी विचारलं.

"मस्ट, शुड, मे. त्यांच्यापुढे बी, नाहीतर बी बीइंग. काम केलं गेलं पाहिजे, काम चालू असेल, अशी वाक्यं पुरी करायची. पत्र पाठवलं गेलं पाहिजे, पूल दुरुस्त केला जात असेल. बहुतेक वाक्यांत कर्ता सांगायचाच नसतो. कुणी पाठवलं, ते विचारायचं नाही."

"आमच्या धंद्यात नेमकं तेच विचारतात," वहिनी म्हणाल्या.

पाकिटात परत गोळा केलेल्या वीस प्रश्नपत्रिका आणि मावशींची उत्तरपत्रिका होती. भाऊजींनी मोठ्या ऐटीत गठ्ठा चाळायला घेतला आणि हात झटकून बोट तोंडात घातलं.

"टाचणी टोचली," ते कुरकुरले. "बाकी सगळ्यांना स्टेपलरची पिन आणि या एकीलाच टाचणी."

वहिनींनी ती प्रत बाजूला ठेवली आणि मावशींची उत्तरपत्रिका उघडली. पहिल्या दोन भागांत अक्षर साधं, लपेटीचं होतं. तिसऱ्या भागात मात्र सगळी अक्षरं मोठी, सुटी, ठसठशीत. प्रत्येक ओळीच्या वर आणि खाली पेन्सिलीची पुसट रेघ.

"किती टापटीप बाई आहे," भाऊजी म्हणाले.

"मावशी वर्गात कधी आल्या?" वहिनींनी विचारलं.

"उशिरा. हजेरीपटात शेवटचं नाव त्यांचंच."

वर्गाची कचेरी दोन गल्ल्या पलीकडे होती. कारकून किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उभाच होता. कपाटाची एक किल्ली त्याच्याकडे, दुसरी बाईंकडे, असं त्याने विचारायच्या आधीच सांगितलं.

"परीक्षेला किती जण होते?"

"एकोणीस," तो म्हणाला आणि लगेच सावरला. "वीस. वीसच."

"पाकीट कुणी फोडलं असेल?"

"मी काय सांगणार? मी कुणाच्या अध्यातमध्यात नसतो." पण बोलताना तो वहिनींकडे न बघता स्टेपलरशी चाळा करत होता. "याच्या पिना तेव्हा संपल्या होत्या. काल नव्या आणल्या," असं तो उगाचच म्हणाला.

धुलाईखान्यात शिरताच भाऊजींच्या चष्म्यावर वाफ चढली आणि त्यांना दिसेनासं झालं. वहिनी मात्र सावकाश भिंतीवरून नजर फिरवत चालल्या. भिंतीवर, यंत्रांवर, दारांवर लाल रंगाच्या इंग्रजी पाट्या होत्या. काहींचे वाफेने पोपडे निघाले होते, तर एक अजून ओली चकाकत होती.

मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या.

"तिसरा भाग इतका छान कसा जमला, मावशी?"

"अभ्यास केला."

"बाकीच्या दोन भागांचा नाही केला?"

मावशींनी पुढची चादर ओढली. उजव्या हाताच्या नखाच्या कडेला लाल रेघ होती.

कोपऱ्यात दुरुस्तीवाले काका चहा पीत होते. कप दोन्ही हातांनी धरला होता तरी बशीवर तडतड वाजत होता.

"या पाट्या कोण रंगवतं?" वहिनींनी विचारलं.

"मीच," काका म्हणाले. "माझंच काम ते. पाच महिने राहिलेत निवृत्तीला."

मावशींचे हात घडीवर थबकले.

बाहेर येताच भाऊजींनी चष्मा पुसला आणि छाती फुगवली. "वहिनी, नखातलं लाल पाहिलंत ना? तीच लाख. चोर सापडला."

"भाऊजी, तुम्ही दुकानात बाटल्यांना लाख लावायचात. नखात किती दिवस राहायची?"

"दिवस कसले? एकदा हात धुतले की गेली," भाऊजी म्हणाले आणि मग त्यांची छाती पुन्हा जागेवर आली.

दुपारी चार वाजता वर्गात पाच जण जमले. बाई, कारकून, मावशी, वहिनी आणि भाऊजी.

"आधी लाख," वहिनी म्हणाल्या. "पाकिटात वीस प्रती निघाल्या. एकोणीस एका हाताने स्टेपल केलेल्या, एक टाचणीची. म्हणजे ती मागाहून आली. आदल्या दिवशी जुनी यादी बघून कुणीतरी एकोणीसच भरल्या. उशिरा आलेलं शेवटचं नाव राहिलं. सकाळी ते लक्षात आलं, पण पाकीट बंद झालेलं. स्टेपलरच्या पिना संपलेल्या, म्हणून टाचणी. कारकूनसाहेब, आजही तुमच्या तोंडून आधी एकोणीसच आलं."

कारकुनाने किल्ल्यांचा जुडगा बाकावर ठेवला.

"प्रत कमी पडली असती तर बाईंनी सगळ्यांसमोर फाडून खाल्लं असतं," तो म्हणाला. "प्रत घातली, पण लाख पुन्हा लावायला वेळ नव्हता. मग मावशींवर आलं, तर मी गप्प बसलो. चुकलो मी."

"ज्यांच्यासाठी पाकीट उघडलं त्यांनाच चोर ठरवू दिलंत," बाई म्हणाल्या. रागापेक्षा त्यांना वाईटच जास्त वाटत होतं.

"पण ते वीस गुण?" भाऊजींना राहवेना.

वहिनींनी मावशींच्या हातात खडू दिला. "मनात येईल ते एक वाक्य लिहा. तिसऱ्या भागातल्यासारखं."

मावशींनी आधी फळ्यावर दोन सरळ रेघा ओढल्या. मग त्यांच्यामध्ये मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं: समवन मे बी वर्किंग इनसाइड.

"हे वाक्य मी सकाळी मोठ्या यंत्राच्या दारावर वाचलं," वहिनी म्हणाल्या. "शेजारी होतं, ग्लव्हज मस्ट बी वोर्न. पलीकडे, मशीन मे बी बीइंग क्लीन्ड. भिंतभर मस्ट, शुड आणि मे. अक्षर असंच आणि रंग नखातला. ज्या हातात कप ठरत नाही, त्या हाताने इतकी सरळ रेघ येत नाही."

मावशींचे डोळे भरून आले. "काकांचं नाव कुठे लिहू नका. तीन वर्षं हात थरथरतोय त्यांचा. वरच्यांना कळलं तर पाच महिने आधीच घरी बसवतील. वाफेने रंग उडतो, मी पुन्हा काढते. अर्थ ठाऊक नव्हता, पण वळण पाठ झालं होतं. मी काय लिहीत होते, ते या वर्गात आल्यावर कळलं."

भाऊजी चष्मा पुसू लागले. इथे वाफ नव्हती.

बाईंनी यादी ओढली आणि मावशींच्या नावापुढे पस्तीस लिहिले. शेरा काहीच लिहिला नाही. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मावशी, अहो दाखला हातचा जात होता तुमच्या. मला एकटीला तरी सांगायचं. का नाही सांगितलंत?"

मावशींनी पदराने डोळे टिपले.

"कर्ता सांगायचा नसतो म्हणून तुम्हीच शिकवलंत ना, बाई?"